आरशातली जोडी सोडवताना : केपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने औषधाचे प्रतिबिंबी रेणू वेगळे करण्याची रीत

क्लोरफेनिरामिन मॅलिएट या अ‍ॅलर्जीवरच्या औषधाचं पाण्यातलं पातळ द्रावण पीएच २.५ च्या फॉस्फेट बफरमधून (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातून) केपिलरीत, म्हणजे केसासारख्या बारीक नळीत, विजेच्या दाबाने चालवलं, की आलेखावर एकच पीक, म्हणजे शिखर, उभं राहतं. अरुंद, टोकदार, बघत राहावं असं. त्या एका पीकच्या पोटात दोन रेणू असतात. दोघांचं वजन एक, भार एक, विद्राव्यता एक; पण एक म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप. अ‍ॅलर्जीवर काम करतो तो प्रामुख्याने उजवा, म्हणूनच डेक्सक्लोरफेनिरामिन हे वेगळं औषध आहे. बफरमध्ये एकच वस्तू घालायची, ग्लुकोजच्या सात कड्यांचं एक कंकण, आणि तेच पीक डोळ्यांदेखत दुभंगतं. वर्षानुवर्षं हे काम करतेय, तरी तो क्षण जवळ आला की मी खुर्ची पुढे ओढून बसते.

प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांना मी हे ज्या क्रमाने शिकवते, त्याच क्रमाने इथे लिहितेय. एचपीएलसीवर (द्रव दाबाने ढकलून रेणू वेगळे करणाऱ्या यंत्रावर) हात बसलेला आहे, पण केपिलरीला कधी हात लावलेला नाही, असा वाचक मी समोर धरलाय.

दोघे एकाच वेगाने का धावतात

एक सरळ आट्यांचा बोल्ट घ्या आणि एक उलट्या आट्यांचा. तराजूत दोन्ही सारखे, उतारावरून सोडले तर सारखेच घरंगळणार. फरक कळतो तो नट चढवायला घेतल्यावर. नटालाही आटे असतात, म्हणून तो एका बोल्टवर सहज चढतो आणि दुसऱ्यावर अडतो. विद्युतक्षेत्रात रेणूचा वेग त्याच्या भारावर आणि आकारमानावर ठरतो. प्रतिबिंबी जोडीत हे दोन्ही तंतोतंत सारखं, त्यामुळे व्होल्टेज कितीही वाढवा, केपिलरी कितीही लांब घ्या, जोडी सुटणार नाही. नट हवाच. आपल्या कामात त्याला कायरल सिलेक्टर म्हणतात; कायरल म्हणजे ज्याला डावं-उजवं रूप असतं ते.

लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे आणि उजवे स्फटिक चिमट्याने निवडून वेगळे केले होते. ते जमलं, कारण तिथे दोन रूपांचे स्फटिकच वेगवेगळे बनले होते. बहुतेक रेसिमेट, म्हणजे दोन्ही रूपांची निम्मी-निम्मी मिश्रणं, एवढी मोकळीक देत नाहीत.

आपला नट म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन. बूड नसलेली बादली डोळ्यांसमोर आणा. आतली भिंत तेलकट स्वभावाची, म्हणजे पाण्यापासून अंग चोरणारी. दोन्ही काठांवर हायड्रॉक्सिल गट. ग्लुकोज स्वतः कायरल, त्यामुळे अख्खी बादली कायरल. सहा ग्लुकोजची ती अल्फा, सातांची बीटा, आठांची गॅमा. औषधाचं अ‍ॅरोमॅटिक वलय या पोकळीत शिरतं, थोडा वेळ थांबतं, बाहेर येतं, पुन्हा शिरतं. दोन रूपांपैकी एकाचे हातपाय काठावरच्या गटांशी जरा बरे जुळतात, म्हणून ते आत थोडं जास्त वेळ रमतं.

पीएच २.५ ला क्लोरफेनिरामिनवर धन भार असतो आणि ते ऋण टोकाकडे धावतं. बीटा सायक्लोडेक्स्ट्रिनवर भारच नाही, आणि एवढ्या आम्लात केपिलरीच्या भिंतीमुळे होणारा द्रवाचा प्रवाहही नगण्य असतो. तेव्हा बादली जवळजवळ जागच्या जागी. रेणू आत असतो तेवढा वेळ तोही मंदावतो. जो जास्त वेळ आत, तो उशिरा पोचतो. सगळं वेगळं होणं एवढ्यावरच उभं आहे, आणि पुढची प्रत्येक सूचना याच वाक्यातून निघते.

किती घालायचं, इथेच बहुतेकांचा गोंधळ

जेम्स जॉर्गेन्सन आणि क्रिन लुकाक्स यांनी १९८१ मध्ये ७५ मायक्रोमीटरच्या काचेच्या नळीत केपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचं हे तंत्र उभं केलं. १९८५ मध्ये गॅसमन, कुओ आणि झेअर यांनी तांबं आणि हिस्टिडिन यांच्या संयुगाच्या मदतीने अमिनो आम्लांच्या जोड्या सोडवल्या. १९८९ मध्ये फनाली यांनी सायक्लोडेक्स्ट्रिन बफरमध्ये विरघळवून औषधांच्या जोड्या सोडवल्या. पण रोजच्या कामात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो रेन आणि रो यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या साध्या गणिताचा.

सिलेक्टर शून्य असेल तर दोन्ही रेणू मोकळे, वेग सारखा. सिलेक्टर अफाट असेल तर दोन्ही रेणू कायम बादलीतच, वेग पुन्हा जवळजवळ सारखा. फरक दिसतो तो मधल्या पट्ट्यात. सर्वांत मोठा फरक ज्या तीव्रतेला मिळतो ती म्हणजे दोन बंधन-स्थिरांकांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाचा व्यस्त. हा स्थिरांक म्हणजे ते रूप बादलीत किती घट्ट बसतं त्याचं माप. समजा एका रूपाचा स्थिरांक ८० प्रति मोलर आहे आणि दुसऱ्याचा १००. गुणाकार ८०००, वर्गमूळ सुमारे ८९, व्यस्त सुमारे ११ मिलिमोलर. स्थिरांक १००० च्या आसपास असतील तर १ मिलिमोलर पुरे. १० च्या आसपास असतील तर १०० मिलिमोलर लागेल, आणि साधं बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन तर पाण्यात तेवढं विरघळतच नाही.

म्हणजे जे औषध घट्ट बसतं त्याला सिलेक्टर कमी लागतो, जास्त नाही. हे मनाला उलटं वाटतं, म्हणून नवखी मंडळी पीक फुटलं नाही की सिलेक्टर वाढवत सुटतात. मी आधी कमी करून बघते.

केपिलरी

फ्यूज्ड सिलिकाची, आतून ५० मायक्रोमीटर व्यासाची. एकूण लांबी ६० सेंटिमीटर, डिटेक्टरपर्यंत ५० सेंटिमीटर. या नळीच्या एका सेंटिमीटरमध्ये जेमतेम २० नॅनोलिटर द्रव मावतो. अख्ख्या नळीत १.२ मायक्रोलिटरही नाही. हा आकडा डोक्यात पक्का असला की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

नळी तोडताना जोर लावायचा नसतो. सिरॅमिकच्या पात्याने एकच हलकी रेघ मारा, आणि दोन्ही बाजूंनी सरळ ओढा. वाकवून मोडली तर टोक तिरकं तुटतं. मग ते टोक भिंगाखाली धरून नीट बघा. टोक आरशासारखं सपाट हवं. कडेला काचेची कपची निघालेली असेल किंवा बाहेरच्या तपकिरी पॉलिइमाइडच्या लेपाची चिंधी लोंबत असेल, तर पुन्हा तोडा. त्या चिंधीखाली नमुन्याचा थेंब अडकून राहतो आणि पुढच्या रनमध्ये हळूहळू आत झिरपतो. पीकला शेपूट येते आणि आपण दोष बफरला देत बसतो. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी वीस टोकं तोडायला लावते, आणि वीसच्या वीस भिंगाखाली दाखवायला लावते.

डिटेक्टरसाठी खिडकी करायची म्हणजे २ ते ३ मिलिमीटर पॉलिइमाइड जाळायचं आणि काजळी मिथेनॉलच्या ओल्या कागदाने पुसायची. तो उघडा तुकडा फार नाजूक असतो. पुसताना नळी सरळ धरा.

नव्या नळीतून १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २० मिनिटं, पाणी १० मिनिटं, ०.१ मोलर फॉस्फोरिक आम्ल १० मिनिटं, पुन्हा पाणी, मग बफर १० मिनिटं, आणि शेवटी बफर असतानाच १० मिनिटं व्होल्टेज. एकदा पीएच २.५ वर काम सुरू झालं की दोन रनच्या मध्ये अल्कलीने धुऊ नका. सिलिकाच्या भिंतीला अल्कलीनंतर पुन्हा आम्लाची सवय व्हायला वेळ लागतो, आणि तोवर प्रत्येक रनची वेळ सरकत राहते. दोन रनमध्ये नुसता बफर २–३ मिनिटं. भिंतीला काही चिकटतंय अशी शंका आली तर ०.१ मोलर फॉस्फोरिक आम्ल. बऱ्याच छापील पद्धतींत दर रनला अल्कलीची धुलाई सांगितलेली असते. आम्लधर्मी बफरसाठी मला ती पटत नाही.

बफर आणि सिलेक्टर

५० मिलिमोलर फॉस्फेट, २५० मिलिलिटर करायचा आहे असं धरू. ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल १.४४ ग्रॅम तोलून घ्या. आम्ल दाट असतं, पिपेटच्या भिंतीला धरून बसतं. म्हणून मापण्यापेक्षा तोलणं बरं. सुमारे २३० मिलिलिटर पाण्यात टाका, ट्रायइथेनॉलअमाइनचं द्रावण थेंबाथेंबाने घालत पीएच २.५ वर आणा, मग २५० पूर्ण करा.

सोडियम हायड्रॉक्साइडऐवजी ट्रायइथेनॉलअमाइन का? एक तर हे अमाइन भिंतीवरच्या जागा अडवून धरतं, त्यामुळे आपलं अमाइनधर्मी औषध तिथे चिकटत नाही. दुसरं कारण पीकच्या आकाराचं आहे. सोडियमचा आयन आपल्या औषधापेक्षा फार चपळ. बफरचा सोबती आयन औषधापेक्षा वेगवान असला की पीक मागे शेपूट टाकतं, मंद असला की पुढे झुकतं. ट्रायइथेनॉलअमाइनचा आयन औषधाच्या वेगाच्या जवळपास चालतो, म्हणून पीक सरळ उभं राहतं.

पीएच सायक्लोडेक्स्ट्रिन घालण्याआधीच मोजा आणि वहीत तसं लिहा. घातल्यानंतर मोजलं आणि पुन्हा थेंब थेंब दुरुस्त करत बसलात, तर दर वेळी क्षारांचं प्रमाण वेगळं होतं आणि करंट हलतो.

आता बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन. रेणुभार ११३५. तयार केलेल्या बफरमध्ये १५ मिलिमोलरचं ५० मिलिलिटर करायला ०.८५१ ग्रॅम लागतं, पण ही पावडर स्वतःमध्ये बरंच पाणी धरून असते. बाटलीवरच्या प्रमाणपत्रात पाणी १२ टक्के लिहिलं असेल, तर ०.८५१ भागिले ०.८८, म्हणजे ०.९६७ ग्रॅम घ्या. ही दुरुस्ती न करता केलेलं बफर दुसऱ्या प्रयोगशाळेत जुळत नाही. विद्राव्यता २५ अंशांना १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १.८५ ग्रॅम, म्हणजे १६ मिलिमोलरच्या आसपास. १५ मिलिमोलर म्हणजे आपण काठावरच आहोत. अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धरा, पूर्ण विरघळू द्या, ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळा, आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत स्फटिक बाहेर पडतात.

या १५ मिलिमोलरच्या साठ्यातून बाकीची द्रावणं करा. १० मिलिलिटर साठा आणि ५ मिलिलिटर साधा बफर, झालं १० मिलिमोलर. ५ आणि १० घेतलं की ५ मिलिमोलर. २ आणि १३ घेतलं की २ मिलिमोलर. शिवाय शून्याचा, म्हणजे साधा बफर. पाचही कुप्यांत फॉस्फेट आणि पीएच तोच, बदलली ती एकच गोष्ट. तुलना अशीच व्हायला हवी.

पहिला रन

नमुना पाण्यात, प्रति मिलिलिटर ०.१ मिलिग्रॅम. बफरमध्ये विरघळवू नका; पाण्यात असला की नमुन्याच्या पट्ट्यात विद्युतक्षेत्र जास्त असतं, रेणू पटकन पुढे येऊन बफरच्या सीमेवर दाटीने उभे राहतात आणि पीक अरुंद मिळतं.

इंजेक्शन ५० मिलिबार, ५ सेकंद. पाण्याच्या चिकटपणाने हिशेब केला तर साधारण ७ नॅनोलिटर आत जातात, म्हणजे नळीतला सुमारे साडेतीन मिलिमीटरचा पट्टा. डिटेक्टरपर्यंतच्या अंतराच्या एक टक्क्याच्या आत. एचपीएलसीवरून आलेल्यांना सिग्नल कमी वाटतो आणि ते इंजेक्शन वीस सेकंदांवर नेतात. मग पट्टाच दीड सेंटिमीटरचा होतो, आणि जोडीतलं अंतर त्यात बुडून जातं.

तापमान २० अंश, व्होल्टेज २५ किलोव्होल्ट, धन टोक इंजेक्शनकडे, यूव्ही २१४ नॅनोमीटर. करंट २५ ते ३५ मायक्रोअ‍ॅम्पियरच्या आसपास असावा. व्होल्टेज ठरवण्याआधी ५, १०, १५, २०, २५, ३० किलोव्होल्टला करंट लिहून आलेख काढा. रेघ सरळ असेल तिथपर्यंत उष्णता निघून जातेय. वर वळायला लागली की नळी आतून तापतेय. वळणाच्या खाली राहा. मला वेळ वाचवायची असली तरी मी ही रेघ काढल्याशिवाय पुढे जात नाही.

मॅलिएटची, म्हणजे औषधाच्या क्षारातल्या दुसऱ्या भागाची, काळजी करू नका. ते यूव्ही शोषतं, पण या पीएचला त्यावर ऋण भार असतो. ते उलट्या दिशेने, इंजेक्शनच्या कुपीकडे निघून जातं आणि डिटेक्टरला दिसतच नाही.

आता शून्यापासून १५ पर्यंतचे पाचही रन एकाखाली एक ठेवून बघा. मी आधी दोन पीकमधलं अंतर बघत नाही, आधी वेळ बघते. सिलेक्टर वाढवत गेल्यावर औषधाची वेळ वाढते का? वाढत असेल तर औषध बादलीत शिरतंय. चिकटपणामुळेही वेळ थोडी वाढते, पण तेवढ्याच प्रमाणात करंट खाली येतो. करंट जेवढा घसरला त्याहून वेळ जास्त वाढली असेल, तर ते खरं बंधन.

इथून तीन वाटा फुटतात. वेळ वाढली आणि पीक फुटलं, तर आपण बरोबर मार्गावर आहोत. सर्वांत मोठं अंतर कुठल्या तीव्रतेला आलं ते शोधायचं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक रन करायचा. वेळच वाढली नाही, तर औषध आत जातच नाहीये. बादलीचं माप चुकलंय, बीटा सोडून अल्फा किंवा गॅमा घ्या. वेळ भरपूर वाढली पण पीक अखंडच राहिलं, तर औषध आत जातंय पण बादलीला डावं-उजवं कळत नाहीये. अशा वेळी माप तेच ठेवून काठ बदलायचा: हायड्रॉक्सिप्रोपिल, डायमिथाइल, कार्बॉक्सिमिथाइल. हा फरक ओळखता आला की आठवड्याचं काम दोन दिवसांत होतं. पेटीतले सगळे सिलेक्टर एकापाठोपाठ एक आंधळेपणाने लावून बघणाऱ्यांना बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण उत्तर पहिल्या पाच रनमध्येच लिहिलेलं असतं.

तापमान कमी केलं तर बहुतेक वेळा जोडी अधिक सुटते. २५ वरून १५ अंशांवर येऊन बघा. वेळ वाढेल, कारण दर अंशाला वेग साधारण दोन टक्क्यांनी बदलतो. याच कारणासाठी ज्या यंत्रात नळीभोवती तापमान नीट राखलं जात नाही, त्यावर हे काम करू नये.

औषध आम्लधर्मी असेल, किंवा भारच नसेल

नॅप्रोक्सेन, आयब्युप्रोफेन, कीटोप्रोफेन यांना पीएच २.५ वर भार नसतो. ते हलतच नाहीत. पीएच ४.५ ते ५ च्या आसपास न्या, थोडा ऋण भार येऊ द्या, आणि ट्रायमिथाइल बीटापासून सुरुवात करा. आर्मस्ट्राँग यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवलेला व्हँकोमायसिनचा उपयोग या गटासाठी फार प्रभावी आहे, पण व्हँकोमायसिन स्वतः यूव्ही शोषतं. म्हणून नळीचा फक्त पहिला भाग त्याने भरायचा आणि डिटेक्टरजवळचा भाग मोकळा ठेवायचा.

थॅलिडोमाइडसारख्या भार नसलेल्या औषधाला वाहन लागतं. सल्फेटेड किंवा कार्बॉक्सिमिथाइल सायक्लोडेक्स्ट्रिन भारित असतं, ते औषधाला स्वतःबरोबर ओढून नेतं. सल्फेटेड घेताना सावध राहा: त्याच्याबरोबर सोडियमही येतं, करंट झपाट्याने चढतो. मी वजनाने १ टक्क्यापासून सुरू करते आणि करंट बघत वर जाते. पीएच २.५ ला सल्फेटेड बादल्या धन टोकाकडे धावतात, म्हणून ध्रुव उलटे लावावे लागतात. अमाइनधर्मी औषधांनाही ही युक्ती लावता येते, आणि मग क्रमही पालटू शकतो. साध्या बीटामध्ये घट्ट बसणारं रूप मागे राहतं. इथे घट्ट बसणारं रूप बादलीबरोबर आधी पोचतं.

प्राथमिक अमाइन असेल तर क्राउन ईथरचं टेट्राकार्बॉक्सिलिक आम्ल उत्तम, फक्त बफरमध्ये सोडियम किंवा पोटॅशियम नको. हे आयन क्राउन ईथरच्या वलयातल्या पोकळीत शिरून बसतात आणि औषधाला जागा उरत नाही. ट्रिस वापरा.

क्षेत्रफळाचा हिशेब

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. काम नवीन होतं. एका रेसिमेटची जोडी सुंदर सुटली होती, एक १२.० मिनिटांना, दुसरं १२.६ ला. संगणकाने क्षेत्रफळ दिलं ४८.८ आणि ५१.२ टक्के. मी पुन्हा रन केला, तेच आलं. सहा वेळा केला, सहाही वेळा तेच. एवढी पुनरावृत्ती म्हणजे आकडा खरा, असं मी मानलं आणि माल रेसिमिक नाही, असा अहवाल लिहून वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी अहवाल वाचला नाही, आधी वेळांचे दोन आकडे वाचले. कागदाच्या कडेला ४८.८ भागिले १२.० आणि ५१.२ भागिले १२.६ असं लिहिलं. दोन्हीकडे सुमारे ४.०६ आलं.

एचपीएलसीत डिटेक्टरमधून सगळे पीक एकाच प्रवाहाने जातात. इथे प्रत्येक रेणू स्वतःच्या वेगाने खिडकीसमोरून जातो. जो मंद, तो खिडकीत जास्त वेळ रेंगाळतो आणि त्याचं क्षेत्रफळ फुगतं. म्हणून प्रत्येक क्षेत्रफळाला त्याच्या वेळेने भागायचं, आणि मगच टक्केवारी काढायची. नवी पद्धत बसवली की पहिली परीक्षा हीच घ्या: रेसिमेट चालवा, दुरुस्त क्षेत्रफळांचं गुणोत्तर १.०० येतंय का बघा. येत नसेल तर कुठल्यातरी पीकच्या खाली तिसरं काहीतरी दडलंय, किंवा इंटिग्रेशनची, म्हणजे क्षेत्रफळ मोजण्याची, रेघ चुकीच्या जागी पडलीय.

कुठलं पीक कुठल्या रूपाचं, हे वेळेवरून सांगू नका. रेसिमेटमध्ये शुद्ध डेक्सक्लोरफेनिरामिनचे थोडे थेंब टाका आणि जे वाढलं ते उजवं. सिलेक्टर बदलला की ही खात्री पुन्हा करायची. एका सायक्लोडेक्स्ट्रिनला आवडणारं रूप दुसऱ्याला आवडेलच असं नाही.

०.१ टक्का शोधताना

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९९२ मध्ये कायरल औषधांबाबतचं धोरण जाहीर केल्यापासून एकाच रूपाची औषधं वाढली, आणि आपल्यासारख्यांचं काम बदललं. आता पन्नास-पन्नासची जोडी सोडवून भागत नाही, ९९.९ च्या शेजारी ०.१ दिसायला हवा. युरोपियन फार्माकोपियात (औषधांच्या मानकांच्या ग्रंथात) रोपिव्हाकेनची प्रतिबिंबी शुद्धता डायमिथाइल बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन घालून याच तंत्राने तपासतात.

इथे नमुना दाट घ्यावा लागतो, प्रति मिलिलिटर १ मिलिग्रॅम किंवा अधिक, आणि मुख्य पीक त्रिकोणी होऊन पसरतं. त्या उताराखाली छोटं पीक गडप होतं. म्हणून मुख्य पीक मागे शेपूट टाकत असेल, तर अशुद्धीचं पीक त्याच्या पुढे यायला हवं. पुढे झुकत असेल, तर मागे. क्रम उलटा असेल तर सिलेक्टर बदलून किंवा ध्रुव उलटवून तो पालटा, पण शेपटीवर बसलेलं पीक मोजू नका. रेसिमेटवर रिझोल्यूशन, म्हणजे दोन पीक किती सुटले त्याचं माप, १.५ असलं की जोडी पायापर्यंत सुटते, मात्र या कामाला मी ३ च्या खाली समाधान मानत नाही. शुद्ध रूपात मुद्दाम ०.१ टक्का दुसरं रूप मिसळा आणि ते स्पष्ट, मोजता येण्याजोगं दिसतंय याची खात्री करा. मिसळायला घेतलेल्या शुद्ध रूपातच दुसऱ्याचा अंश असू शकतो, तो आधी मोजून वजा करायचा.

वेळ सरकू लागली तर

सर्वांत आधी कुप्यांची पातळी बघा. दोन्ही टोकांच्या बफरची पातळी सारखी नसेल तर सायफन होऊन द्रव नकळत सरकतो. मग कुपी किती रन वापरली ते बघा. विद्युतधारेने पाणी फुटतं, एका कुपीत आम्ल वाढतं, दुसरीत घटतं. मी सहा रननंतर दोन्ही कुप्या बदलते आणि धुण्याचा बफर वेगळ्या कुपीतून घेते. करंट एकदम शून्य झाला तर नळीत बुडबुडा किंवा सायक्लोडेक्स्ट्रिनचा कण असतो. बफर वायुमुक्त करा, गाळा, नळी दाबाने धुवा.

आणि पद्धत वर्षभर चाललेली असताना अचानक रिझोल्यूशन पडलं, तर हायड्रॉक्सिप्रोपिल किंवा सल्फेटेडची नवी बाटली उघडली होती का, ते विचारा. ही शुद्ध एकच वस्तू नसते. एका कंकणावर सरासरी किती गट बसलेत ते लॉटगणिक बदलतं, आणि आपली जोडी त्या सरासरीवर तोललेली असते. आमच्याकडे एकदा दोन आठवडे यंत्र उघडून बसलो होतो, दिवा बदलला, नळी बदलली. जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेल्या चमचाभर पावडरीने बफर केलं आणि जोडी पहिल्याच रनमध्ये सुटली. तेव्हापासून मी पद्धतीत लॉट क्रमांक आणि गटांची सरासरी दोन्ही लिहिते, आणि जुना लॉट संपण्याआधी नवा त्याच्या शेजारी चालवून बघते.

दिवस संपला की नळी आधी १० मिनिटं पाण्याने धुवा, मग ५ मिनिटं हवेने कोरडी करा. व्होल्टेज बंद असल्याची खात्री करून इलेक्ट्रोड आणि नळीची टोकं ओल्या, धागे न सुटणाऱ्या कागदाने पुसा. सायक्लोडेक्स्ट्रिनचा बफर तिथे रात्रभर सुकला, तर सकाळी पांढरा पापुद्रा बसलेला सापडतो, आणि त्याचाच एखादा कण पहिल्या रनला नळीच्या तोंडात अडकतो.